तुम्ही विचारलंत म्हणून : पायरेट्सचं नेमकं बिनसलंय काय?

पिट्सबर्गमध्ये राहून बेसबॉल बघणाऱ्या मराठी बाईला एक प्रश्न ठरलेला असतो. सांगलीहून भाऊ फोनवर विचारतो, पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराच्या देवळात जेवणाच्या रांगेत ओळखीपाळखीचे विचारतात, ऑफिसात नव्याने लागलेली मुलं तर हमखास विचारतात : "काय हो, तुमच्या त्या पायरेट्सचं नेमकं बिनसलंय काय? मालक चिक्कू आहे म्हणतात, एवढंच ना?"

मालक चिक्कू आहे. त्यावर या गावात दुमत नाही. माझी तक्रार त्या 'एवढंच'वर आहे. पण रांगेत उभं राहून हे दोन वाक्यांत सांगता येत नाही. तेवढ्यात सांबार येतं आणि विषय मुलांच्या कॉलेजवर जातो. म्हणून एकदा बसून सविस्तर सांगते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पिट्सबर्ग पायरेट्स हा १८८२ पासूनचा क्लब. वर्ल्ड सीरिज, म्हणजे सीझनची सात मॅचपर्यंत चालणारी अंतिम लढत, पाच वेळा जिंकलेला : १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९. त्यानंतर एकदाही नाही. आमचं दैवत म्हणजे रोबर्टो क्लेमेंटे. १९७२ मध्ये त्याने ३,००० हिट्स (बॉल मारून बेस गाठणं म्हणजे हिट) पूर्ण केल्या आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. रेडिओवरून बेसबॉलची पहिली मॅच ऐकवली गेली तीही इथूनच, ५ ऑगस्ट १९२१ ला, केडीकेए स्टेशनवरून. म्हणजे शंभरावर वर्षं हे गाव घरबसल्या मॅच ऐकतंय आणि घरबसल्याच मॅनेजरला, म्हणजे टीमच्या मुख्य कोचला, अक्कल शिकवतंय.

माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. जन्म गेला स्टील मिलमध्ये. १९६० साली ते शाळकरी पोर होते. दरवर्षी १३ ऑक्टोबरला ते पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात जातात. तिथे जुन्या फोर्ब्ज फील्ड स्टेडियमच्या भिंतीचा एक तुकडा विद्यापीठाच्या इमारतींमध्ये अजून उभा आहे. तिथे माणसं जमतात, घडीच्या खुर्च्या उघडतात आणि त्या दिवशीची सातवी मॅच पहिल्या पिचपासून, म्हणजे पहिल्या टाकलेल्या बॉलपासून, रेडिओच्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून ऐकतात. शेवट काय होणार हे प्रत्येकाला पाठ. न्यूयॉर्क यँकीज समोर, ९-९ बरोबरी, नववी म्हणजे शेवटची इनिंग, बिल मॅझेरोस्की होम रन मारतो, म्हणजे बॉल थेट भिंतीपलीकडे, आणि सीरिज आमची. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. होम रनच्या चार-पाच मिनिटं आधीपासून आजोबांनी टोपी काढून हातात धरली होती आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी त्यांचा वाद चालला होता : त्या दिवशी पिचर (बॉल टाकणारा) बदलायला उशीर केला की नाही? मॅच जिंकलेली, ती पण साठ वर्षांपूर्वी, आणि पिचर बदलण्यावरून भांडण अजून चालू!

माझ्यासारख्या हिशेबाच्या धंद्यातल्या बाईला त्या सीरिजमधली एक गोष्ट भारी आवडते. सात मॅचमध्ये मिळून यँकीजनी ५५ रन केले आणि आम्ही २७. तरी जिंकलो आम्ही. बेरीज एकीकडे आणि निकाल दुसरीकडे, असं या खेळात होऊ शकतं. पुढे मालकाच्या पैशाबद्दल बोलू तेव्हा हे लक्षात असू द्या.

मग वाईट दिवस कधी आले? आजोबांच्या पिढीला विचारा, तारीख सांगतील : १४ ऑक्टोबर १९९२. अटलांटात लीगच्या फायनलची सातवी मॅच. नवव्या इनिंगच्या खालच्या अर्ध्यात, म्हणजे अटलांटाच्या शेवटच्या बॅटिंगला, आम्ही २-० ने पुढे. तीन माणसं बाद करायची आणि वर्ल्ड सीरिजला जायचं. अटलांटाने तीन रन काढले. शेवटचा रन सिड ब्रीमने घसरत येऊन काढला, आमचाच जुना खेळाडू, गुडघे इतके दुखावलेले की नीट पळणंही मुश्कील. डावीकडून बॅरी बाँड्सने टाकलेला बॉल केसभर उशिरा पोचला. त्या हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला, सहा वर्षांचे ४ कोटी ३७ लाख डॉलर घेऊन. त्याला थांबवायची ऐपत आमच्याकडे नव्हती. आणि मग १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस सीझन आम्ही जिंकण्यापेक्षा हरलो जास्त. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब रांग दुसऱ्या कुणाची नाही.

आता एक बारकी गोष्ट बघा. सध्याचे मालक बॉब नटिंग प्रमुख मालक झाले ते जानेवारी २००७ मध्ये. त्या वीस वर्षांतली चौदा त्यांच्या आधीची आहेत. 'टीम विका' अशा घोषणा देणाऱ्या पोरांना हे सांगितलं की मला 'मालकाची माणूस' ठरवतात. अजिबात नाही. पण खातं कुणाच्या नावावर टाकायचं तर तारखा बघूनच टाकायला हवं.

आता पैसा. बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या पगारावर मर्यादा नाही. आयपीएलमध्ये प्रत्येक टीमच्या हातात सारखीच पर्स असते, २०२५ च्या मोठ्या लिलावात ती १२० कोटी रुपये होती. अंबानी असोत की आणखी कोणी, त्यापलीकडे जाता येत नाही. इथे तसं काही नाही. ठरावीक रकमेपलीकडे गेलं तर दंडासारखा कर भरावा लागतो, आणि ज्याच्याकडे आहे तो हसत हसत भरतो. २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी खेळाडूंवर ३० कोटी डॉलरच्या वर खर्च केला. आमचा आकडा दहा कोटींच्याही आत. गावातल्या बाकीच्या दोन टीम, फुटबॉलची स्टीलर्स आणि आइस हॉकीची पेंग्विन्स, अशा लीगमध्ये खेळतात जिथे पगाराला छत आहे. त्या जिंकतात. त्यामुळे "पिट्सबर्ग लहान गाव आहे हो" ही सबब इथल्या माणसाच्या गळी उतरत नाही. लहान गाव स्टीलर्सना कधी आड आलं?

शिवाय सगळ्या क्लबांच्या स्थानिक उत्पन्नाचा मोठा हिस्सा एकत्र करून सगळ्यांमध्ये वाटला जातो. आम्ही देतो त्याहून जास्त घेणाऱ्यांमधले. हा पैसा टीम सुधारायला वापरावा असा नियम आहे. तो तसा वापरला जात नाही अशी तक्रार फेब्रुवारी २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने चार क्लबांविरुद्ध केली, त्यात आम्ही होतो. त्याआधी २०१० मध्ये काही क्लबांचे आर्थिक कागद बाहेर फुटले. त्यात आमचेही होते. मी ते छापून घेऊन पेन्सिल हातात धरून वाचले होते. आमच्या घरात त्यावरून अजून माझी चेष्टा होते. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून क्लबला सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर नफा. दोन्ही वर्षी टीम रडतखडत, आणि २००८ मध्येच जेसन बेसारखा बॅटर बॉस्टनला देऊन टाकलेला. नफा असणं गुन्हा नाही, मी नफेवाल्यांचंच काम करते. पण "परवडत नाही" हे वाक्य त्या कागदानंतर कुणी माझ्यासमोर उच्चारू नये. खाजगी क्लबांचे हिशेब एरवी दिसत नाहीत. अटलांटा ब्रेव्हजचे दिसतात, कारण त्यांची कंपनी शेअर बाजारात आहे. बाकी सगळा अंदाजांचा बाजार.

भारतातले लोक या टप्प्यावर हमखास विचारतात, "आपल्याकडचं कोणी आहे का त्यात?" होते. एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघे उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू, बेसबॉल कधी हातात न धरलेले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना करारबद्ध केलं ते आमच्याच क्लबने. फ्लोरिडातल्या ब्रॅडंटनमध्ये अगदी खालच्या पायरीच्या टीममधून दोघे खेळले. दिनेश लवकर घरी परतला, रिंकू काही वर्षं टिकला आणि नंतर कुस्तीच्या तमाशात शिरून वीर महान झाला. जाहिरातबाजी होती का? थोडी होती. पण मला त्यात क्लबचा स्वभाव दिसतो : कुठून तरी स्वस्तात हिरा सापडेल ही आशा. आशा वाईट नाही. हिरा सापडल्यावर त्याचं काय करायचं, तिथे गाडी अडते.

आणि आता मी माझ्या मुद्द्यावर येते. पैसे कमी असणं हे दुखणं आहेच. पण आमचं जास्त नुकसान केलं ते हातात असलेलं ओळखता न येण्याने.

२०१३ ते २०१५ ही तीन वर्षं घ्या. टीम उत्तम, मॅनेजर क्लिंट हर्डल, मालक हेच. १ ऑक्टोबर २०१३ ची ती एका मॅचची बाद फेरी. २१ वर्षांनंतर प्लेऑफ. आख्ख्या पीएनसी पार्कने, म्हणजे आमच्या स्टेडियमने, काळे कपडे घातले होते. सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो उभा होता आणि चाळीस हजार माणसं त्याच्या नावाचा सूर लावून त्याला चिडवत होती, "क्वे-टो, क्वे-टो". त्याच्या हातातून बॉल निसटला, पिचर उभा राहतो त्या टेकाडावरून घरंगळला. लोक चेकाळले. पुढच्याच पिचवर रसेल मार्टिनने होम रन मारला. आम्ही ६-२ जिंकलो. आमच्या घरातले 'हे' क्रिकेटवाले. बेसबॉलला ते 'मुकी विटीदांडू' म्हणतात. त्या रात्री तेही खुर्चीवर उभे होते, एवढं सांगितलं तरी पुरे.

२०१५ मध्ये ९८ मॅच जिंकल्या. आमच्याच गटात सेंट लुईसने १०० जिंकल्या, म्हणून पुन्हा ती एका मॅचची फेरी, आणि शिकागोच्या जेक अरिएटाने ४-० ने घरी पाठवलं. ठीक आहे, होतं. खरा खेळ त्यानंतरच्या हिवाळ्यात झाला. ९८ जिंकणाऱ्या टीमला एक चांगला पिचर हवा होता. जे. ए. हॅप आमच्याकडे शेवटचे दोन महिने झकास खेळला होता; तो टोरंटोला गेला आणि पुढच्या वर्षी २० मॅच जिंकला. आम्ही काय केलं? नील वॉकरला, गावच्याच पोराला, न्यूयॉर्क मेट्सला देऊन जॉन नीस घेतला. २०१६ मध्ये टीम ७८ वर आली. शेजारचे आजोबा म्हणतात, मालकाने पाकीट उघडलं नाही. ऑफिसातला आमचा आकडेवाला मुलगा म्हणतो, नीसला निवडणाऱ्याला पिचिंगच कळत नव्हतं. दोघांचं मी ऐकून घेते. दोघांचं खरं आहे, पण मी मुलाच्या बाजूला जरा जास्त झुकते, आणि त्याचं कारण आहे गेरिट कोल.

कोल हा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आम्ही पहिल्या क्रमांकाने निवडलेला पिचर. बॉल तोफेसारखा. आमच्या कोचांचं तत्त्वज्ञान असं की बॉल खाली टाका, बॅटरला जमिनीवरून मारू द्या, फील्डर बघून घेतील. २०१३ मध्ये हे चाललंही. मग सगळे बॅटर खालचा बॉल उचलून मारायला शिकले आणि आमची पोथी काही बदलली नाही. जानेवारी २०१८ मध्ये कोलला ह्यूस्टनला दिलं. तिथे त्याला सांगितलं, सरळ वेगवान बॉल वरच्या अंगाला टाक. संपलं. २०१७ मध्ये आमच्याकडे १९६ स्ट्राइकआउट (बॅटरला बॉल धड मारू न देताच बाद करणं) करणाऱ्या त्याच माणसाने २०१८ मध्ये २७६ केले आणि २०१९ मध्ये ३२६. हात तोच. यँकीजनी त्याला नंतर नऊ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर दिले, ते आम्हाला कधीच झेपले नसते, मान्य. पण "बॉल वर टाक" हे सांगायला किती डॉलर लागतात?

२०१८ मध्येच ३१ जुलैला आर्चर ट्रेड, म्हणजे आर्चरसाठीची खेळाडूंची अदलाबदल, झाला. हे दोन शब्द पिट्सबर्गच्या कुठल्याही बारमध्ये मोठ्याने उच्चारून बघा. जुलैमध्ये टीम सलग ११ मॅच जिंकली होती, सगळ्यांच्या अंगात आलं होतं, आणि वर्षानुवर्षं "काहीतरी घ्या, काहीतरी घ्या" म्हणून ओरडणाऱ्या आम्हा फॅन्सचं क्लबने एकदाचं ऐकलं. टँपा बेकडून क्रिस आर्चर हा नावाजलेला पिचर घेतला. बदल्यात दिले टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि मागाहून शेन बाझ. मेडोज पुढच्याच वर्षी ऑल-स्टार झाला. आमच्याकडे धड स्ट्राइक न टाकू शकणारा ग्लासनाऊ टँपात गेल्या गेल्या सिंह झाला. पुढे डॉजर्सनी त्याला १३ कोटींवर डॉलर दिले. आर्चर आमच्याकडे दीड सीझन बेतास बात खेळला, मग दुखापत.

टँपा आमच्यापेक्षा श्रीमंत आहे का? मुळीच नाही. हाच तर माझा मुद्दा. आणि मिलवॉकी? पिट्सबर्गपेक्षा लहान बाजारपेठ. २०२५ मध्ये आख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त, ९७ मॅच त्यांनी जिंकल्या. डॉजर्सची चूक झाली तर ते पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस विकत घेतात. कमी पैसेवाल्याला चूक परवडत नाही, त्याची एक चूक चार-पाच वर्षं पुरते. म्हणजे मालकाने हात आखडता घेतला तर त्याला गावातला सगळ्यात हुशार माणूस नोकरीला ठेवावा लागतो. आमच्याकडे हात आखडता आणि हुशारीही उधारीची. 'मालक चिक्कू' म्हणून सगळं त्याच्या डोक्यावर फोडलं की कोलचा हात ज्यांना वाचता आला नाही ती माणसं सुखाने निसटतात. मला राग आहे तो या निसटण्याचा.

आता पॉल स्कीन्स. हे नाव बेसबॉल न बघणाऱ्यांनीही ऐकलं असेल. सहा फूट सहा इंच, मिशी, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने आम्ही निवडलेला. ११ मे २०२४ ला पदार्पण. २०२४ मध्ये लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू, २०२५ मध्ये एकमताने साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचर. नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांची सरासरी दोन्ही वर्षी दोनच्या आत : १.९६ आणि १.९७. आणि २०२५ मध्ये त्याच्या नावावर विजय किती? १०. पराभव? तेही १०. पिचर दोनच्या आत रन देतोय आणि आमची पोरं त्याला दोन काढून देत नाहीत. त्या सीझनमध्ये तीसही टीममध्ये सगळ्यात कमी होम रन आमचे होते, ११७. पगार त्याला त्या वर्षी पावणेनऊ लाख डॉलर, डॉजर्सचा एखादा राखीव खेळाडू याहून जास्त घेत असेल. पिचिंग पोतंभर आणि बॅटिंग चिमूटभर.

स्कीन्सवरून जी भांडणं होतात त्यातलं माझ्या आवडीचं ११ जुलै २०२४ चं. मिलवॉकीत मॅच. सात इनिंग, एकही हिट नाही, ११ स्ट्राइकआउट. क्रिकेटवाल्यांना सांगते : बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर पाचेक दिवसांतून एकदा टाकतो आणि एकदा बाहेर काढला की त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. पूर्ण नऊ इनिंगमध्ये एकही हिट न देणं ही आयुष्यात एकदा घडली तर घडणारी गोष्ट. आमच्या क्लबच्या पिचरने एकट्याने हे शेवटचं केलं होतं ते १९७६ मध्ये, जॉन कँडेलारियाने. स्कीन्सचे ९९ पिच झाले होते. आणि मॅनेजर डेरेक शेल्टनने त्याला बसवलं. आठव्या इनिंगमध्ये दुसऱ्या पिचरला हिट बसली. मॅच आम्ही १-० जिंकलो, पण त्या रात्री आजोबा जिंकल्यासारखे बोलत नव्हते.

त्यांचं म्हणणं सोपं. १९६० सालचे पिचर दीडशे पिच टाकायचे, रडायचे नाहीत. मी त्यांना म्हटलं, आजोबा, ते नव्वद मैलांनी टाकायचे, हा शंभराने टाकतो. कोपराच्या आत एक बारीकसा अस्थिबंध असतो, तो गेला की वर्ष गेलं. "मग जपून ठेवा कपाटात," आजोबा म्हणाले आणि दार लावून घेतलं. पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, आमच्याच जॅरेड जोन्सच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. मी ते वर्तमानपत्र आजोबांना नेऊन दाखवलं नाही. माझ्या मते शेल्टनचा तो निर्णय बरोबर होता, आणि तो बघताना टीव्ही फोडावासा वाटला हेही बरोबर होतं.

दुसरं भांडण जरा कारकुनी आहे, पण माझ्या धंद्याच्या जवळचं. खेळाडू मोठ्या टीममध्ये सहा वर्षं भरली की मोकळा होतो, कुठेही जाऊ शकतो. एक वर्ष म्हणजे रोस्टरवरचे, म्हणजे टीमच्या यादीतले, १७२ दिवस. म्हणून क्लब काय करतात? पोर तयार असलं तरी काही आठवडे खालच्या टीममध्ये कुजवत ठेवायचं. दिवस भरत नाहीत, एक वर्ष जास्त पदरात पडतं. २०२२ च्या करारात यावर एक तोडगा निघाला : सर्वोत्तम नव्या खेळाडूच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्ष मोजायचं. स्कीन्सला आम्ही मे उजाडेपर्यंत खालच्या टीममध्ये इंडियानापोलिसला ठेवला, कारण काय तर त्याला सवय व्हायला हवी. तो आला, पहिला आला, आणि वर्ष पूर्ण मोजलं गेलं. तो मोकळा होणार २०२९ च्या सीझननंतर. एप्रिलच्या चार-पाच मॅच आम्ही उगाच घालवल्या आणि मिळवलं शून्य. त्यातून शिकावं, तर २०२५ मध्ये बबा चँडलर या दुसऱ्या तरण्याबांड पिचरला ऑगस्टच्या २२ तारखेपर्यंत खालीच बसवलं.

त्या २०२५ च्या एप्रिलमध्ये फॅन्सचा संयम सुटला. घरच्या पहिल्या मॅचला आकाशात विमान फिरत होतं, मागे फडका : टीम विका, बॉब. स्टेडियममध्ये तीच घोषणा. त्याच महिन्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की उजवीकडच्या भिंतीवरचं क्लेमेंटेच्या जर्सीच्या २१ नंबरचं चिन्ह गायब आहे आणि तिथे दारूची जाहिरात लागलीये. ती भिंतच मुळात क्लेमेंटेसाठी २१ फूट उंच बांधलेली! क्लेमेंटेच्या मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केली, क्लबने माफी मागून चिन्ह परत लावलं. मुद्दाम केलं नसणार, मला माहीत आहे. एखादा तक्ता बघून कुणीतरी मोकळी जागा विकली. पण ज्या घरात असं कुणाच्या लक्षात येत नाही त्या घराबद्दल काय बोलायचं? मे महिन्यात शेल्टनला काढलं, डॉन केली आला. तो पिट्सबर्गचाच, माणूस गोड. सीझन संपला ७१ विजय आणि ९१ पराभवांवर.

"विका" या घोषणेत मी कधी आवाज मिसळत नाही. विकली तर घेणार कोण, हे कुणी सांगत नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या फॅन्सनी २०२३ मध्ये हीच घोषणा घसा फोडून दिली, आणि २०२४ नंतर त्यांची टीमच गाव सोडून गेली. आमचं स्टेडियम नदीकाठी आहे, २००१ चं, बरेचसे सार्वजनिक पैसे घालून बांधलेलं, मॅचच्या दिवशी क्लेमेंटेच्या नावाच्या पुलावरून गाड्या बंद करून माणसं चालत जातात. हे सगळं ठेवून मालक बदलला तर मी पेढे वाटीन. पण विकत घेणारा माणूस आजोबांच्या कल्पनेतला असेल याची हमी काय?

मला जास्त रस आहे १ डिसेंबर २०२६ या तारखेत. त्या दिवशी खेळाडू आणि मालकांमधला करार संपतो. बऱ्याच मालकांना पगारावर छत हवंय, खेळाडूंच्या संघटनेला नकोय. आमच्या गावात सगळे छताच्या बाजूने, डॉजर्सची जिरेल म्हणून. मी विचारते, तळाचं काय? प्रत्येक क्लबने कमीत कमी इतके खर्च केलेच पाहिजेत अशी अट त्याच कागदावर हवी. नुसतं छत आलं तर वरचे खाली येतील, खालचे आहेत तिथेच आरामात बसतील, आणि आमच्या मालकाला आजवर तोंडी असलेली सबब नियम म्हणून लेखी मिळेल.

तोवर भाऊ सांगलीहून नवीन प्रश्न घेऊन येतोच. परवा म्हणाला, "ताई, २०२९ नंतर तो स्कीन्स जाणारच आहे ना? मग आत्ताच देऊन टाका कुणाला तरी, बदल्यात चार-पाच तयार पोरं घ्या. धंद्याच्या दृष्टीने तेच शहाणपणाचं." धंद्याच्या दृष्टीने बोलायचं तर बोलू. बाँड्स गेला तेव्हा बदल्यात एकही तयार खेळाडू मिळाला नव्हता, हे खरं. कोलच्या बदल्यात चार जण आले होते. त्यातला जो मस्ग्रोव्ह चांगला पिचर निघाला, त्यालाही आम्ही पुढे सॅन डिएगोला देऊन टाकलं आणि तिथे त्याने पहिल्याच महिन्यात नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता पूर्ण मॅच, टाकला. स्कीन्सच्या बदल्यात येणारी ती चार-पाच पोरं निवडणार कोण, एवढंच मी भावाला विचारलं. त्याने पावसाचा विषय काढला.